मी फुंकणी नाही

मी एक जुना मोघा आहे. मित्रांनो, शाळेच्या प्रदर्शनात माझ्या खाली टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. तिच्यावर 'जुनी फुंकणी' असे लिहिलेले होते. तुमच्यापैकी बरेच जण त्या रांगेत होते. तुम्ही चिठ्ठी वाचली, मला पाहिले आणि पुढच्या जात्याकडे वळलात. तुमचा दोष नाही. पण ती चिठ्ठी चूक होती, आणि ती चूक मी मुकाट्याने सहन करणार नाही.

माझ्या टोकाला जळाल्याचा काळा डाग आहे. त्यावरून गुरुजींची गफलत झाली. डाग खरा आहे. मात्र डागावरून एखाद्याची ओळख ठरवायची असेल, तर तो कसा पडला हे आधी विचारायला हवे. विचारणे हे विद्यार्थ्यांचे कामच आहे. तुम्ही विचारले नाही, म्हणून मीच सांगतो.

मोघा म्हणजे अडीच हात लांबीची बांबूची पोकळ नळी. वरच्या तोंडाला बाभळीच्या लाकडाची वाटी बसवलेली असते, तिला चाडे म्हणतात. खालचे तोंड तिरपे कापलेले असते. कुठे मला सरता म्हणतात, कुठे मोघण म्हणतात. आमच्या साखरखेर्ड्याच्या बाजूला मोघा. तिफण तुम्ही पाहिली असेल. तिला तीन फण असतात आणि एका फेरीत ती ज्वारीच्या तीन ओळी पेरते. ज्वारीच्या चार फेऱ्या झाल्या की पाचव्या फेरीला कडेच्या फणाचे भोक चिंधीने बुजवतात आणि मला दोरीने तिफणीमागे बांधतात. घरातली बाई एका हाताने मला उभे धरून चालते आणि दुसऱ्या हाताने ओटीतले बी चाड्यात सोडत जाते. बुजवलेल्या फणाने जमीन उघडायची, मी तिच्यात बी टाकायचे. तिफण ज्वारी पेरते. ज्वारी सोडून बाकीचे सगळे मी पेरतो.

आमच्या गावात एक रीत होती. मोघ्याच्या ओळीत काय पेरायचे ते बाईने ठरवायचे, आणि त्या ओळीत जे पिकेल ते बाईचे. गडीमाणसाने त्यात बोलायचे नाही.

माझा जन्म दुसरबीडला झाला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. गुलाम रसूल मिस्त्रींनी लोखंडाची सळई लाल होईपर्यंत तापवली आणि माझ्या पोटातल्या एकेका गाठीतून आरपार घातली. आगीची आणि माझी ओळख अशी पहिल्या दिवसापासूनची आहे. मग त्यांनी मूठभर मूग वरून सोडले आणि कान लावून ऐकले. एकही दाणा अडकला नाही.

मला न्यायला सुभद्राबाई स्वतः आल्या होत्या. शेत त्यांच्या घरचे, आठ एकरांचे. खालचे सहा एकर काळे रान आणि वरचे दोन एकर बरड, म्हणजे उथळ, खडकाळ जमीन.

"बाई, तुरीले नळी बराबर हाय," मिस्त्री म्हणाले. "तिळाले मोठी होईन."

"तीळ वाळूत मिसळून टाकीन मी. तुम्ही काळजी नका करू, भाऊ."

"तूर अन् तीळ. आनखी काय टाकता?"

"मूग, उडीद, चवळी, अंबाडी."

"सहा! एका बांबूतून?" मिस्त्री हसले. "बाई, हा मोघा नाही, शेगावची धरमशाळा झाली!"

पुढची सात वर्षे मी ती धर्मशाळा चालवली. माझे कौतुक कोणी केले नाही. पेरणीच्या दिवशी तिफणीला हळदकुंकू लागायचे, बैलांना लागायचे, मला दोरी लागायची. पण मागे चालणाऱ्याला पुढच्यापेक्षा जास्त दिसते. मी काय पाहिले ते सांगतो.

मूग पासष्ट दिवसांत तयार होतो. गावरान ज्वारीला साडेचार-पाच महिने लागतात. तूर थेट पौषात हाती येते. म्हणजे एकाच शेतात एकाच दिवशी पेरलेली पिके कधीच एका वयाची नसतात. ज्वारीची मुळे वरच्या मातीत पसरतात, तुरीचे सोटमूळ खाली जात राहते. म्हणून दोघी एका घागरीसाठी भांडत नाहीत. मुगाचे रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक फोडा, आत गुलाबी रंग दिसेल. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, आणि मुळे कुजली की त्यातला काही पुढच्या पिकाला मिळतो. चवळीवर मावा पडला की त्याला खायला ठिपक्यांचे लाल किडे येतात; चवळीवरचा मावा संपला की तेच किडे ज्वारीवरचा मावा शोधत जातात. ज्वारीच्या ताटावर कोतवाल पक्षी बसतो आणि तिथून उडी मारून तुरीच्या पानावरची अळी उचलतो. त्याला बसायला उंच जागा हवी, ती ज्वारी देते. यातले कोणी कोणावर उपकार करत नव्हते. जो तो आपले पोट भरत होता. पण सगळे असल्यामुळे शेत उभे होते.

मग सुभद्राबाईंचा मुलगा शालिग्राम मॅट्रिक होऊन शेतीच्या शिबिराला गेला आणि हायब्रीड ज्वारीचे बी घेऊन आला. त्याने पीक स्पर्धेत नाव घातले.

"आई, यंदा मोघा नाही," तो म्हणाला.

"काऊन?"

"स्पर्धेत एकच पीक लागते. ज्वारीत तुरीचं एक झाड दिसलं तं नंबर जाते. आठी एकर हायब्रीड पेरू."

"अन् माह्या बियाण्याचं?"

"राहू दे ना गाडग्यात. एका सालानं काय मरते?"

सुभद्राबाईंनी गाडग्यांची तोंडे बांधली. मला खुंटीला टांगले गेले.

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. त्या वर्षी हायब्रीडने कमाल केली. कमरेएवढी बुटकी ताटे, मुठीत न मावणारी कणसे. पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर थांबला. शालिग्रामचा तालुक्यात दुसरा नंबर आला. गळ्यात हार घालून तो घरी आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, महादेवरावांनी, तो हार बैलाच्या शिंगांना घातला आणि म्हणाले, "मेहनत याची हाय." पुढच्या हंगामात अख्ख्या गावाने हायब्रीडच पेरायचे ठरवले.

मला कोणी विसरले असते तरी चालले असते. पण माझे झाले ते वेगळेच. चैत्रात शालिग्रामचे लग्न झाले. सुभद्राबाई चार दिवस माहेरी गेल्या असताना घरातली लोखंडी फुंकणी फुटली. नवी सून रुख्मिणी हिने मोघा कधी पाहिला नव्हता, कारण तिच्या माहेरी बागायती मळा होता. तिला खुंटीवर पोकळ बांबू दिसला. तिने माझे चाडे काढून त्यात मीठ भरले आणि मला चुलीत घातले. सात वर्षे ज्या तोंडाने मी मातीत बी टाकले, त्याच तोंडाने मी निखाऱ्यावर फुंकर घालू लागलो. चौथ्या दिवशी टोक पेटले.

सुभद्राबाई परत आल्या आणि चुलीपाशीच थबकल्या.

"हे कोनं देलं तुले?"

"खुंटीले होतं, आत्याबाई." रुख्मिणी घाबरली. "चुकलं का माहं?"

"तुहं नाही चुकलं. तुले कोनी सांगतलंच नाही."

त्यांनी रुख्मिणीला उतरंडीपाशी नेले आणि एकेक गाडगे उतरवले. आत राख, कडुनिंबाचा पाला आणि बी. मुगाचे गाडगे उघडले तर बऱ्याच दाण्यांना भोके पडलेली. सुभद्राबाईंनी न किडलेले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी फडके सोडले. एकसष्ट दाण्यांना मोड आले होते.

"दरसाली पेरलं की शंभरातले नव्वद-पंच्यान्नव निघतात," त्या म्हणाल्या. "एक साल चुकलं तं एकसष्ट. आनखी एक चुकलं तं तीस. मंग राखच उरते."

"दुसऱ्याकून आनू की, आत्याबाई."

"कोनाकून? समद्याइनं आपापलं बी मोडलं. अंबूबाईनं तुरीचं बी भरडून खाल्लं. ही तूर माह्या मायनं देली मले. गावात आता इथंच हाय, ह्या गाडग्यात."

म्हणजे प्रश्न एवढाच होता: येत्या पेरणीला सहा बिया मातीत गेल्या तर त्या राहतील. नाही गेल्या तर संपतील, आणि त्यांच्या मागोमाग मीही खरोखरच फुंकणी होईन.

पेरणीचा दिवस आला. महादेवरावांनी तिफण जुंपली. तेवढ्यात सुभद्राबाई बांधावरून आल्या. ओटी भरलेली, बगलेत मी. चाड्यातले मीठ धुऊन त्यांनी ते दगडाने ठोकून पुन्हा माझ्या तोंडाला बसवले होते. कोणाला न विचारता त्यांनी मला तिफणीमागे बांधले.

"आई, सोड ते!" शालिग्राम धावत आला. "लोकं हासतीन. तिफनीले फुंकनी बांधली म्हनतीन."

"हासू दे. दात हायेत लोकाइले."

"यंदा पयला नंबर येते माहा. काऊन आडवी येऊन राह्यली तू?"

"तुह्या नंबराले मी हातही लावत नाही. मले वरचं बरड दे. दोन एकर."

"तिथं? तिथं कुसळ उगवत नाही धड."

"मंग देताना काऊन जड चाललं तुले?"

 शालिग्राम वडिलांकडे पाहू लागला. महादेवराव तिफणीचा रुमणा धरून उभे होते.

"मायलेकाइनं लवकर ठरवा बा," ते म्हणाले. "बैल उभ्या उभ्या म्हातारे होऊन राह्यले."

अशा रीतीने आमच्या वाट्याला गावातले सगळ्यात वाईट रान आले. तिफणीतून गावरान ज्वारी आणि माझ्यातून बाकीच्या सहा. पहिली ओळ सुभद्राबाईंनी पेरली. दुसऱ्या ओळीला त्यांनी मला रुख्मिणीच्या हातात दिले.

"मूठ सैल ठेव वं. बी बोटानं नाही, पावलानं मोजायचं. एका पावलाले तीन दाने."

रुख्मिणी काही पावले चालली आणि थांबली. "पन आत्याबाई, शंभरातले एकूनचाळीस मेलेले हायेत ना? मंग पाच टाकू का?"

सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिले. "हाव," त्या म्हणाल्या. "पाच टाक."

त्या क्षणी माझ्या लक्षात आले की मी योग्य हातात पडलो आहे. माझे टोक जळून बोटभर आखूड झाले होते, म्हणून बी थोडे उथळ पडत होते. रुख्मिणीने मला खाली दाबून धरले. डागासकट मी काम केले.

पोळ्याच्या आठवड्यात आमचा मूग घरात आला. खाली सहा एकरांत हायब्रीड एकसारखी उभी होती, जणू शाळेची प्रार्थना. सगळी ताटे एका उंचीची, सगळी कणसे एका वयाची, सगळ्या दाण्यांत एकाच दिवशी दूध भरलेले. शालिग्राम रोज बांधावर उभा राहून पाहायचा. मला मान्य आहे, देखणे शेत होते.

मग भाद्रपदात झड लागली. अकरा दिवस पाऊस थांबला नाही.

पहिल्या चार दिवसांत काही झाले नाही. पाचव्या दिवशी दाण्यांवर गुलाबी छटा आली. आठव्या दिवशी ती काळी झाली. अकराव्या दिवशी कणसातच कोंब फुटले. बुरशीला एका दाण्यात घर मिळाले होते, आणि शेजारचा दाणा तसाच होता, त्याच्या शेजारचा तसाच, पलीकडच्या शेतातलाही तसाच. कुठे अडथळाच नव्हता. एका दिवशी दूध भरणारे शेत एका झडीत गेले. आमच्या गावात त्या वर्षी जवळजवळ सगळी शेते एकच होती.

वर बरडावर काय झाले? उडीद गेला. मी लपवणार नाही. शेंगा पिकलेल्या होत्या, झाडावरच कुजल्या. तीळ अर्धा झडला. पण मूग आधीच घरात होता. चवळीने नव्याने वेल टाकले. अंबाडीला पावसाचे सोयरसुतक नव्हते. गावरान ज्वारीचे कणीस अजून पोटातच होते. बुरशीला बसायला दाणाच नव्हता. तुरीला फूल यायला दोन महिने होते, आणि बरडाच्या उतारावरून पाणी वाहून जात होते. तोच पाऊस, तेच अकरा दिवस. आमच्या शेतातही मरण आले, पण त्याला सगळे एकाच दारात सापडले नाहीत.

उघाड पडली तेव्हा शालिग्रामने एक कणीस तोडून तळहातावर चोळले. काळी भुकटी झाली.  मग तो चढ चढून बरडावर आला. रुख्मिणी चवळीच्या शेंगा तोडत होती. त्याने तिच्या ओटीतल्या दोन शेंगा घेतल्या आणि सोलून खाल्ल्या.

"मीठ लागन का?" ती म्हणाली. "चाड्यात नाही आता, डब्यात हाय."

तो हसला. त्या दिवसांत त्याला पहिल्यांदा हसताना मी पाहिले.

पौषात तूर निघाली. पुढच्या उन्हाळ्यात सुभद्राबाईंच्या दारात बायांची रांग लागली. सगळ्यात पुढे अंबूबाई.

"मले नुसती तूर दे वं, सुभद्रे. बाकीचं ठेव तुले."

"नुसती तूर नाही भेटत. सहाही नेशीन तं ने."

"असं काय करतं वं? अंबाडी घेऊन काय करू मी?"

"भाजी कर, दोर वळ, नाही तं नुसती बांधावर उभी ठेव. पन पेर. एकच निवडून न्यायची असन तं घरी जाय."

"काय कायदा हाय माय हा!" अंबूबाई कुरकुरली. पण पदरात सहा पुड्या बांधून गेली. सगळ्याच बाया सहा पुड्या घेऊन गेल्या. उडीद थोडाच होता. आधीच्या वर्षाच्या गाडग्यात तळाशी उरलेला. तोही सुभद्राबाईंनी चिमूट चिमूट वाटला.

रांगेच्या शेवटी शालिग्राम उभा होता.

"तुलेही तोच कायदा," आई म्हणाली.

"सहाही दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दुसरबीडला गेला. परत आल्यावर त्यानेच घरात सांगितले, की गुलाम रसूल मिस्त्रींनी त्याला पाहताच विचारले, "काऊन बे शालिग्राम, पयला नंबर कुठी ठेवला?" आणि याने उत्तर दिले, "चाचा, बुरशीले आला तो. मले दोन मोघे करून द्या."

त्याने हायब्रीड सोडली नाही. चार एकरांत पेरलीच, पण मध्ये मोघ्याच्या ओळी ठेवून. बाकीच्या चारांत गावरान. मला ते पटले. नवे बी आले म्हणजे आणखी एक बी आले. माझे भांडण त्या ज्वारीशी कधीच नव्हते. माझे भांडण 'फक्त' या शब्दाशी आहे.

बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. तेव्हा माझ्या सहा बियांनीही कोणाचे पोट भरले नाही. ज्वारी वाळली, मूग वाळला. खोल मुळांवर तुरीची काही झाडे तगली, थोडी अंबाडी तगली. ज्या गाडग्यांत आम्ही आधी भर घालत आलो होतो, त्यांच्या तळाशी बाकीचे बी उरले होते. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा पेरायला सहाही होत्या. मित्रांनो, मी कधी म्हटले नाही की असे शेत पडत नाही. ते पडते. पण त्याच्यात पुन्हा उठायला कोणीतरी शिल्लक असते.

आता प्रदर्शनाकडे येतो. यंदा सव्वीस जानेवारीला गुरुजींनी गावातल्या जुन्या वस्तू मागवल्या, आणि शालिग्रामने मला देऊन टाकले. मला एक उभी चीर गेली आहे, तारेने आवळली आहे. "याचं वय झालं," तो म्हणाला. मग ती चिठ्ठी. दोन दिवस मी तिच्या वर पडून होतो.

तिसऱ्या दिवशी रुख्मिणी आली. तुरीचे खळे चालू होते. ती तशीच, ओटीत तूर घेऊन आली होती. तिने एकेक अक्षर लावत चिठ्ठी वाचली. मग मला उचलले, उभे धरले आणि मूठभर तूर चाड्यात सोडली. तेरा वर्षांपूर्वी मुगाचे दाणे सरसरले होते तसेच हे सरसरले आणि चालता चालता तिने शाळेच्या फरशीवर दाण्यांची सरळ ओळ पाडली. एका पावलाला तीन.

"गुरुजी," ती म्हणाली, "फुंकनीतून हवा जाते. ह्याच्यातून काय गेलं ते पाहून घ्या."

गुरुजी ओशाळले. त्यांनी ताबडतोब चिठ्ठी काढली आणि नव्या चिठ्ठीसाठी पेन शोधू लागले. "थांबा बाई, बरोबर नाव लिहितो. चांगल्या कपाटात ठेवतो याला, काचेच्या."

"कपाटात काऊन? मृगाले लागन तो मले. हा मी नेऊन राह्यली."

"मग इथं रिकाम्या जागी काय ठेवू?"

"फुंकनी ठेवा की. घरी दोन हायेत माह्या, धाडून देते."

तुम्ही सगळे हसलात. मला ऐकू आले. मग तुमच्यातल्या दोघी-तिघींनी खाली बसून फरशीवरचे दाणे वेचले आणि रुख्मिणीला परत द्यायला गेल्या. तिने घेतले नाहीत. "ठेवा," ती म्हणाली. "पन खाऊ नका."

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगतात. मी सांगणार नाही. मला पुसू नका, तेल लावू नका, काचेमागे तर मुळीच ठेवू नका. माझी चीर वाढली तर वाढू दे. दुसरबीडला बांबू आणि सळई आहे, नवा मोघा अर्ध्या दिवसात होतो. माझ्यातून जे जाते ते मात्र कोणत्याही मिस्त्रीला करता येणार नाही. ज्यांच्या मुठीत त्या दिवशीची तूर आहे, त्यांनी ती ओल्या फडक्यात बांधून किती मोड येतात ते मोजावे. आणि कोणी सांगितले की यंदा एकच पेरायचे आहे, तर आपल्या घरचा मोघा आणून, कोणाला न विचारता, तिफणीमागे बांधावा.

मी आता रुख्मिणीच्या घरी आहे. चुलीपासून लांब, उतरंडीच्या शेजारी. मृगाला साडेचार महिने आहेत. दोरी तिने आजच वळायला घेतली आहे, अंबाडीची.